गयामावशीबद्दल दोन शब्द लिहिण्याआधी

प्रिय अण्णा,

सविनय जयभीम.

तुम्ही होतात तेव्हा दर आठवड्याला तुमचं पत्र यायचं, आणि मी एकालाही पत्रानं उत्तर दिलं नाही. आता तुम्हाला जाऊन तीन वर्षं झाल्यावर वही-पेन घेऊन बसलेय. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच! आई दोनदा येऊन विचारून गेली, "काय लिहितेस गं एवढं?" क्लासचं काम म्हणून सांगितलं तिला.

लिहायला बसण्याचं कारण तसंच घडलंय. मंगळवारी गयामावशी गेली. पाण्याच्या टाकीसमोरची, किसनमामांची गयाबाई. सकाळचा चहा प्यायली, बशी खाली ठेवली आणि बसल्या जागी मान टाकली. दुखणं नाही, खुपणं नाही. काल तिचा मुलगा, अशोकदादा, आपल्याकडे आला होता. खुर्चीत बसलासुद्धा नाही. म्हणाला, "सुजाता, रविवारी पुण्यानुमोदन ठेवलंय. आईबद्दलचे दोन शब्द तू लिहायचे. तूच वाचायचे."

मी म्हटलं, "दादा, मला नाही जमायचं ते. हायस्कूलचे सर आहेत ना, त्यांना सांगा. छान बोलतात." तर म्हणतो, "सरांना काय माहीत माझी आई? तू लिही. नाही म्हणू नको." आणि चपला घालून गेलासुद्धा.

आपल्या कॉलनीची ही रीत तुम्हीच घातलीत. पुण्यानुमोदनाला वंदना झाली, की गेलेल्या माणसाबद्दल दोन शब्द वाचायचे. वीसेक वर्षं ते तुम्हीच लिहिलेत. कॉलनीत कुणी गेलं, की आधी बौद्धाचार्यांना निरोप आणि मग तुम्हाला. कचेरीतून आल्यावर तुम्ही हातपाय धुऊन, सदरा बदलून, शंभर पानी वही काखेत मारून निघायचात. त्या वहीला मी आता हात लावायचा? मी? तुमच्या वेळेला मी काय दिवे लावले, ते अख्ख्या कॉलनीनं पाहिलंय.

किसनमामा गेले तेव्हा मी सहावीत होते. तुम्ही मला सोबत नेलं होतंत, आठवतं? मला वाटलं होतं, तुम्ही तिथे जाऊन रडणार. तुम्ही तर चटईवर मांडी घालून बसलात आणि सरळ विचारलंत, "किसनचं कुणाशी पटायचं नाही?" घरातले सगळे एकमेकांची तोंडं बघायला लागले. गयामावशी पदरानं नाक पुसत म्हणाली, "भाऊजी, मेल्या मानसाचं असलं इचारत्यात व्हय?"

तुम्ही म्हणालात, "वहिनी, माणूस होता ना तो? मग भांडला असेलच की."

ती आधी रागानं बघत राहिली. मग हळूहळू सांगायला लागली. सिन्नरकडच्या गावी चिंचेच्या एका झाडावरून मामांचं सख्ख्या भावाशी अकरा वर्षं बोलणं नव्हतं. पण दर वर्षी झाडाला चिंचा आल्या, की पहिल्या उतरलेल्या चिंचा मामा पिशवीत भरायचे, भावाच्या दारात ठेवायचे आणि हाकसुद्धा न मारता परत यायचे. तुम्ही ते सगळं लिहिलंत. पुण्यानुमोदनाच्या दिवशी तो भाऊ मंडपात पार मागे बसला होता. चिंचेचं वाचलं गेलं तेव्हा त्यानं उपरणं तोंडात कोंबलं. कार्यक्रम संपल्यावर तो येऊन गयामावशीच्या पायाशी बसला.

घरी येताना मी विचारलं होतं, "अण्णा, भांडण कशाला लिहिलं?" तुम्ही म्हणालात, "किसन कष्टाळू होता, प्रेमळ होता, एवढंच लिहिलं असतं ना सुजे, तर त्या जागी कुणाचंही नाव घालून चाललं असतं. चिंच मात्र त्याचीच." मला फारसं काही कळलं नाही. मला भूक लागली होती.

मग कॉलेज आलं आणि कॉलेजसमोरचं सायबर कॅफे आलं. लाकडी खोपट्यांत बसवलेले ते कॉम्प्युटर, तो गरम हवा फेकणारा पंखा! तुम्हाला वाटायचं मी तिथे अभ्यास करते. डोंबलाचा अभ्यास! मी चॅट करायचे. एक हात बटणांवर आणि दुसऱ्या हातात वडापाव.

आणि एक कबूल करते, मला ती भाषा फार आवडायची. आज मी कितीही नाकं मुरडली, तरी तेव्हा मी तिच्यात पोहत होते. वर्गात पहिल्याच दिवशी एकीनं मला नाव विचारलं, मग पूर्ण नाव विचारलं, मग आडनाव पुन्हा एकदा विचारलं आणि मग "अच्छा" म्हणाली. ते "अच्छा" मला अजून ऐकू येतं. माझ्या तोंडून चुकून आजीसारखं "पानी" निघालं, तर मागच्या बाकावर हशा पिकायचा. चॅटवर यातलं काहीच नव्हतं. तिथे वय, मुलगा की मुलगी आणि गाव, एवढंच विचारायचे, तेही तीन अक्षरांत. सगळे सारखेच तोडकं-मोडकं लिहिणार, शब्दांतले अर्धे स्वर गिळणार, हसू आलं की एल-ओ-एल ही तीन अक्षरं टाकणार. कोण कुठल्या घरातून आलंय, कुणाच्या बापाला कळणार? तिथे मी नुसती सुजाता होते. तीसुद्धा नव्हते, मी एस-यू-जे आणि पुढे तीन आकडे होते. मला वाटायचं, सुटले बाई!

तुम्हाला मी हे एकदा अर्धवट सांगितलं होतं. आडनावाचं नाही, ते तुम्हाला लागलं असतं. भाषेचं सांगितलं. तुम्ही चष्मा पुसत ऐकलंत आणि म्हणालात, "चांगलं आहे की! आमच्या कचेरीतही तसंच. 'उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर.' साहेब लिहितो तेच शिपाई लिहितो. कोण कुठला, कागदावरून कळत नाही. त्याचं बरंच असतं माणसाला. फक्त मी ते संध्याकाळी कचेरीतच ठेवून येतो." मी हसले आणि परत फोनमध्ये डोकं घातलं.

माझा तुमच्यावर राग आहे तो इथे आहे, अण्णा. एवढं मऊ कशाला बोललात? एक धपाटा घालायचा होता पाठीत! तुम्हाला दिसत होतं ना, मी ते कुठेच ठेवून येत नव्हते? घरातही तेच, आईशीही तेच, बारशाच्या आमंत्रणालाही तेच. माझी निबंधाची वही वाचून तुम्ही एकदा नुसतं म्हणालात, "आवाज सगळ्यांचा येतोय, तुझा कुठाय?" आणि वही मिटून ठेवलीत. हे काय रागावणं झालं?

मी पुण्याला नोकरीला गेले तेव्हा तुम्ही माझ्याशी बोलता यावं म्हणून स्वतःला मोबाईल घेतलात. बटणं दाबताना तुमचा जीव मेटाकुटीला यायचा. म्हणून तुम्ही पत्रच लिहायचात. निळं आंतरदेशीय, चारी बाजूंनी भरलेलं, घडीवरसुद्धा दोन ओळी. नळाला पाणी तीन दिवस नव्हतं तेव्हा गयामावशी टाकीच्या शिडीवर चढून बसली आणि "इंजिनेराला बोलवा, नायतर मी हितंच मरते" म्हणाली, हे मला तुमच्या पत्रातून कळलं. आईनं देवळाली कॅम्पच्या बाजारातून आणलेला कोंबडा घरात कसा हिंडला, तेही. मी ती पत्रं अर्धी वाचायचे. उरलेली रविवारी वाचू म्हणून उशीखाली ठेवायचे. आणि उत्तर म्हणून मोबाईलवरून काय पाठवायचे? "के." एवढंच. ओकेसुद्धा नाही! ओ लिहायला वेळ नव्हता तुमच्या मुलीला.

एकदा तुम्ही मेसेज केला होतात, इंग्रजी अक्षरांत, सगळी मोठ्ठी अक्षरं. सुजाता, आई बरी आहे, काळजी करू नये. आईनं मागाहून सांगितलं, जेवायला बसायच्या आधी सुरू केलात तो जेवण निवलं तरी चालू होता. त्याला माझं उत्तर गेलं, "हम्म."

आणि मग एक दिवस तुम्ही गेलात. कचेरीच्या जिन्यावर. मी पुण्याहून आले तोवर अंगणात पांढरे कपडे घातलेली माणसं बसली होती.

पुढचंही लिहायलाच हवं, त्याशिवाय रविवारचं मला जमणार नाही.

त्या चार दिवसांत माझा फोन सारखा वाजत होता. चॅटवरचे, ऑफिसातले, कॉलेजातले. सगळ्यांचे मेसेज सारखेच. तीच आर-आय-पी ही तीन मोठी अक्षरं, तेच काळजी घे, तेच खंबीर राहा, तेही सगळं आखडून. मी सगळ्यांना एकच उत्तर पाठवत होते. आणि मला बरं वाटत होतं, अण्णा. वाटत होतं, किती माणसं आहेत माझी! कॉलनीतली माणसं मात्र नुसती येऊन बसायची, काही बोलायची नाहीत. त्यांच्याशी काय बोलावं, मला कळायचं नाही.

मग ती सगळी म्हणाली, अण्णांचे दोन शब्द आता कोण लिहिणार? शिकलेली पोरगी आहे की घरात! मी हो म्हटलं. मला वाटलं, त्यात काय एवढं?

पुण्यानुमोदनाच्या आदल्या दिवशी दुपारी कागद घेऊन बसले. पहिलं वाक्य लिहिलं, अण्णा, तुम्ही ग्रेट होतात. पुढे? माझ्या हाताला दुःखाची एकच सवय होती, दोन ठिपके आणि एक उलटा कंस. रडका चेहरा. कागदावर तो काढला आणि त्याच्याकडे बघत बसले. आत तर आगडोंब उसळला होता, पण हातात काही येईना. तुम्ही लहानपणी कसे होतात? कोण मित्र होता? कशाची भीती वाटायची? कशावरून भांडलात? मला एकाचंही उत्तर माहीत नव्हतं. आई शेजारच्या खोलीत बसली होती. उठून तिला विचारायचं, एवढंच करायचं होतं. नाही केलं. मी सायबर कॅफेत गेले.

कपाळ माझं! तिथे कुणीतरी पाठवलेला एक मेल होता, वडिलांवरचा. बाप म्हणजे आभाळ, बाप म्हणजे घराचा कणा, बाप कधी रडत नाही, आतून तुटतो. असलं सगळं. वाचून मला खरोखर रडू आलं, म्हणून वाटलं की चांगलं आहे. त्यात "बाप" काढून "अण्णा" घातलं, वर-खाली दोन ओळी माझ्या टाकल्या आणि कागद छापून घरी आणला.

तुम्ही तर रडायचात, अण्णा! दर वेळी ते दोन शब्द वाचताना मधेच थांबून तुम्ही चष्मा काढायचात, हे पोराटोरांनाही ठाऊक होतं. आणि मी माइकसमोर उभी राहून सगळ्यांना सांगितलं, की माझे अण्णा आयुष्यात कधी रडले नाहीत.

कुणी हसलं नाही. तुम्ही वाचायचात तेव्हा मंडपात कसा गलका व्हायचा, "हां, बरोबर", "असाच होता", "अरे, ते पन सांगा!" त्या दिवशी पंख्याचा आवाज येत होता. तुम्ही ज्यांच्या-ज्यांच्या माणसांबद्दल लिहिलं होतं, ती सगळी समोर खाली माना घालून बसली होती.

जेवणाच्या पंगतीआधी गयामावशी माझ्याजवळ आली. माझ्या डोक्यावरून हात फिरवला. म्हणाली, "पोरी, वाचलंस ब्येस. पन हे कुनाच्या बापाचं व्हतं?"

आवाजात राग नव्हता, टोमणा नव्हता. खरंच विचारत होती. मी तिथून उठून मोरीत गेले आणि दार लावून घेतलं. तेव्हापासून तीन वर्षं मी त्या बाईच्या दारावरून गेले नाही. टाकीला वळसा घालून जायचे. पाण्याच्या रांगेत दिसली तर रिकामी बादली घेऊन परत फिरायचे. तिला काय वाटत असेल, असा विचारही केला नाही. माझी लाज मला पुरत होती.

तुमचं रजिस्टर मला त्यानंतर आठवडाभरानं सापडलं. आई तुमचं कपाट आवरत होती, तिनं ते माझ्या हातात दिलं. कचेरीत तुमच्याकडे आलेल्या-गेलेल्या पत्रांची नोंद असायची, तसंच घरी आखलेलं. लाल शाईच्या रेघा. अनुक्रमांक, दिनांक, मजकूर, शेरा. मला वाटलं, कचेरीचंच काही राहिलंय. उघडलं तर त्यात माझे मेसेज होते. दोन वर्षांचे! फोनमध्ये जागा संपली की जुने पुसावे लागतात, म्हणून पुसण्याआधी तुम्ही एकेक उतरून ठेवला होता. तुमच्या त्या सुरेख अक्षरात माझं "के". आणि पुढे शेरा: "कामात दिसते." माझं "हम्म", शेरा: "जेवली असावी." एका ठिकाणी नुसतं प्रश्नचिन्ह होतं, तिथे तुम्ही लिहिलंय, "रागावली काय?" एका ठिकाणी माझी टी-सी ही दोन अक्षरं, आणि शेरा: "अर्थ कळला नाही. कचेरीतील ऑपरेटर मुलीस विचारले. काळजी घ्या असा अर्थ. बरे वाटले."

एवढ्याशा अक्षरांतून तुम्ही माझी ख्यालीखुशाली शोधत होतात! आणि तुमची चार बाजूंची पत्रं माझ्या उशीखाली.

शेवटची नोंद तुम्ही जायच्या नऊ दिवस आधीची. तुम्ही विचारलं होतंत, फोन कधी करशील, थोडं बोलायचं आहे. माझं उत्तर, "नंतर." शेरा: "प्रतीक्षेत." मी फोन केला नाही. काय बोलायचं होतं, अण्णा? आईला विचारलं, तिलाही माहीत नाही. हे मी आता कुणाला विचारू?

मी पुणं सोडून आले. इथेच नाशिक रोडला कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवते. माझ्या हाताखाली रोज चाळीसेक मुलं असतात, आणि सगळी माझ्यासारखीच! रजेचा अर्ज लिहा म्हटलं तर मेसेज लिहितात. गेल्या महिन्यात मोनिका नावाची एक मुलगी तास संपल्यावर माझ्याकडे आली. म्हणाली, "मॅडम, तुमच्याकडे सॅड मेसेज आहे का एखादा? वडील वारल्यावर पाठवतात तसला? माझ्या मैत्रिणीचे पप्पा गेले."

माझं डोकंच फिरलं. मी तिच्यावर अशी ओरडले, की पलीकडच्या खोलीतले सर धावत आले. "सॅड मेसेज काय? दिवाळीचा मेसेज आहे का हा? तुझी मैत्रीण ना ती? तिच्या पप्पांना तू पाहिलंस ना?" पोरगी रडायला लागली. म्हणाली, "पाहिलंय ना मॅडम! ते आम्हाला मनमाडला गाडीत बसवून द्यायला यायचे, आणि गाडी सुटली तरी खिडकी धरून चालायचे. पण ते कसं लिहायचं? असलं कुणी लिहितं का? तुम्हीच सांगा ना, काय लिहू?"

तिनं सांगितलंच होतं, अण्णा! खिडकी धरून चालायचे. तेच लिहायचं होतं. पण मी ओरडण्यात एवढी गुंग, की मला ते ऐकूच आलं नाही. "जा घरी" म्हटलं तिला. रिक्षात बसल्यावर माझ्या डोक्यात प्रकाश पडला. तोवर तिनं कुठून तरी एक तयार मेसेज मिळवून पाठवलासुद्धा होता. आणि मला म्हणे मावशीबद्दल लिहायचंय!

कॉलनीतली म्हातारी माणसं म्हणतात, मोबाईलनं पोरांची भाषा बिघडवली. मला वाटतं, भाषेचं एक वेळ निभावेल. कुणी जवळच्या माणसाबद्दल बोलायला लागलं, की आमच्या हाताला आधी तयार गोष्ट लागते, आणि तयार गोष्ट मिळाली की आम्ही त्या माणसाकडे बघायचंच सोडून देतो. मला याची भीती वाटते. मी अजून तिशीचीही नाही आणि मला माझे वडील आठवताना मेलमधला बाप आठवतो. हे कुणाला सांगायचं?

काल इथवर लिहून वही मिटली. आज शनिवार. आज मी मावशीच्या घरी जाऊन आले.

नाही म्हणायलाच गेले होते. रंजनावहिनी, अशोकदादांची बायको, दारातच तांदूळ निवडत बसली होती. मी उभ्या-उभ्याच म्हटलं, "वहिनी, दादांना सांगा, मला माफ करा. माझ्याकडून आणखी एका माणसाची माती व्हायला नको."

वहिनीनं सूप खाली ठेवलं. म्हणाली, "यांना काय सांगू? यांनी कुठे ठरवलंय? आत्याबाईंनीच सांगून ठेवलं होतं. दिवाळीपासून म्हणायच्या, माझं त्या सुजीनंच लिहायचं, दुसऱ्या कुणाला लिहू द्यायचं न्हाई."

मी म्हटलं, "मी? मला तर त्याच बोलल्या होत्या तेव्हा!"

"मीपण तेच म्हटलं त्यांना. म्हटलं, आत्याबाई, तुम्हीच तिला बोललात, ती तर आपल्या दारावरूनही जात नाही. तर म्हणाल्या, म्हनून तर. जिला ठेच लागलीय ती खाली बघून चालंल. बाकीचे लिहितील गया लय चांगली व्हती, आन् मोकळे व्हतील."

मी तिथेच उंबऱ्यावर बसले आणि मोठ्यानं रडले, अण्णा. तुमच्या वेळेला इतकी रडले नव्हते. ती तीन वर्षं मला टाकीमागून जाताना बघत होती, आणि हाक न मारता थांबली होती. मी एकदा जरी तिच्या दारात गेले असते! तुमच्याबद्दल तिला किती माहीत होतं, टाकी बांधायच्या आधीपासूनचं. ते सगळं ती घेऊन गेली.

वहिनीनं पाण्याचा तांब्या पुढे केला. पाणी प्यायले आणि वही उघडली. विचारलं, "वहिनी, तुमचं आणि मावशींचं कशावरून वाजायचं?"

वहिनी डोळे पुसत फसकन हसली. "बाई गं! आत ये, चहा टाकते. लय हाय ते."

चार पानं झाली आहेत. संध्याकाळी अशोकदादा येऊन बसला, त्यानं तिसरंच काही सांगितलं, ते वहिनीला पंधरा वर्षांत माहीत नव्हतं. नोटांच्या प्रेसचा भोंगा झाला तरी आम्ही बसलोच होतो. वाक्यं अजून वेडीवाकडी आहेत. दोनदा हात त्या ठिपक्यांकडे आणि कंसाकडे गेला, खोटं कशाला सांगू? पण पानावर मावशी आहे.

उद्या मी वाचणार आहे. आणि तुमचं अजून राहिलंय, ते मला रोज टोचतं. तुमच्या येत्या पुण्यस्मरणाला मंडप घालायचा आईशी ठरवलंय. तोवर मी दारोदार जाऊन विचारेन. मनमाडच्या आत्याला, कचेरीतल्या त्या ऑपरेटर मुलीला, ज्यांच्याशी तुमचं पटत नव्हतं त्यांनासुद्धा. जेवढं मिळेल तेवढंच वाचेन, त्यात माझ्या पदरचा एक शब्द घालणार नाही. आणि जिथे संपेल तिथे थांबून सगळ्यांसमोर सांगेन, की पुढचं मला माहीत नाही, मी माझ्या बापाला विचारलं नाही. मंडळी, तुमच्यापैकी ज्याला माहीत असेल त्यानं उठून सांगावं, मी लिहून घेते. हा माझा शब्द आहे, अण्णा.

तुमचीच,
सुजी